बावीस वर्षांचा कॅप्टन आणि सॉल्सबरीचे सरन्यायाधीश : मरे बिसेटची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देतोय. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात एका क्विझच्या प्रश्नाने करू. टेस्ट क्रिकेटमधला सर्वात तरुण कॅप्टन कोण? आपल्याकडच्या जुन्या मंडळींना विचारा, उत्तर येईल टायगर पतौडी. १९६२, बार्बाडोस. नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा बॉल लागला आणि २१ वर्षं ७७ दिवसांच्या पोरावर टीम सोपवावी लागली. पतौडीचा रेकॉर्ड पुढे ४२ वर्षं टिकला. तो कुणी मोडला तिकडे शेवटी येतो.

मला प्रश्न पडला की पतौडीच्या आधी कोण? ऑस्ट्रेलियाचा इयान क्रेग, १९५७. आणि क्रेगच्या आधी? तिथे एक नाव होतं जे मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मरे बिसेट, साउथ आफ्रिका, फेब्रुवारी १८९९, वय २२ वर्षं ३०६ दिवस. हा रेकॉर्ड जवळपास ५९ वर्षं टिकला. आणि टेस्ट किती खेळला हा माणूस? तीन. धावा शंभराच्या जरा वर. मग नावापुढे बघतो तर काय, वकील, खासदार, सर, सरन्यायाधीश, हंगामी गव्हर्नर. म्हटलं, हे प्रकरण काय आहे ते बघायलाच पाहिजे.

बघत गेलो आणि गोष्ट वेगळ्याच ठिकाणी पोचली. आजचा भाग त्याचाच.

बिसेटचा जन्म १४ एप्रिल १८७६चा, पोर्ट एलिझाबेथचा. तेव्हा तो भाग केप कॉलनीत, म्हणजे ब्रिटिशांच्या ताब्यात. आता एक गंमत लक्षात घ्या. १८९९ साली 'साउथ आफ्रिका' नावाचा देशच अस्तित्वात नव्हता. केप आणि नाताळ या इंग्रजांच्या वसाहती, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही बोअर लोकांची स्वतंत्र राज्यं. देश झाला १९१० साली. म्हणजे टीम आधी, देश नंतर! आणि ही टीम कोण निवडायचं, तर दोनचार क्लबांतले गोरे साहेब.

त्याची पहिली टेस्ट जोहान्सबर्गच्या ओल्ड वाँडरर्सवर, लॉर्ड हॉकच्या इंग्लंड टीमविरुद्ध. तेव्हा जोहान्सबर्ग ट्रान्सवालमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या दृष्टीने परक्या मुलखात. सोन्याच्या खाणी, पैसा, आणि डोक्यावर क्रूगरचं सरकार. आठ महिन्यांनी तिथेच युद्ध पेटणार होतं.

आता स्कोअर ऐका. इंग्लंड १४५ ऑलआउट. साउथ आफ्रिका २५१. म्हणजे १०६चा लीड! बावीस वर्षांच्या कॅप्टनला काय वाटलं असेल बघा. साउथ आफ्रिकेने तोपर्यंत एकही टेस्ट जिंकली नव्हती. पण दुसऱ्या डावात पेल्हम वॉर्नर नावाचा पहिलीच टेस्ट खेळणारा माणूस ओपनिंगला आला आणि शेवटपर्यंत गेलाच नाही. नाबाद १३२. इंग्लंड २३७. आता जिंकायला हवेत किती? बरोबर १३२. आणि साउथ आफ्रिका ९९ मध्ये गुंडाळली. ३२ रन्सनी हार.

दुसरी टेस्ट केप टाउनला, न्यूलँड्सवर. इंग्लंड ९२ ऑलआउट. जिमी सिंक्लेअरने सहा विकेट घेतल्या आणि मग बॅटिंगला येऊन १०६ मारले, साउथ आफ्रिकेची टेस्टमधली पहिली सेंच्युरी. टीमच्या १७७ मधले १०६ एकट्याचे. पुन्हा लीड. मग इंग्लंडने ३३० केले आणि साउथ आफ्रिका दुसऱ्या डावात... पस्तीस. हो, पस्तीस ऑलआउट. हेग आणि ट्रॉट, दोघांनीच दहाच्या दहा काढल्या.

दोन्ही टेस्टमध्ये पहिल्या डावात लीड घेऊन दोन्ही हरणारा कॅप्टन. आज असता तर मीमवाल्यांनी त्याचं काय केलं असतं विचारू नका.

इथे थांबतो, कारण मला त्या टीमपेक्षा त्या टीममध्ये नसलेल्या एका माणसाबद्दल सांगायचंय.

नाव हेंड्रिक्स. लोक म्हणायचे क्रोम हेंड्रिक्स. केप टाउनचा फास्ट बॉलर. १८९२ मध्ये इंग्लंडची एक टीम आली होती, वॉल्टर रीडची. दौऱ्याच्या शेवटी न्यूलँड्सवर तिची मॅच झाली स्थानिक मलाय खेळाडूंबरोबर. मलाय म्हणजे केपमधला बिगरगोरा समाज, ज्यांचे पूर्वज डचांनी पूर्वेकडून गुलाम म्हणून आणले होते. आणि हो, त्यांच्यातले काही आपल्या हिंदुस्तानातूनही नेलेले, हे आपल्या पुस्तकांत फारसं येत नाही. त्या मॅचमध्ये हेंड्रिक्सने ५० धावांत चार विकेट घेतल्या आणि इंग्लिश खेळाडू चाट पडले. असा फास्ट बॉलर तुमच्याकडे आहे, इंग्लंडला याल तेव्हा याला आणाच, असं त्यांनीच सांगितलं.

१८९४ मध्ये साउथ आफ्रिकेची पहिली टीम इंग्लंडला निघाली. हेंड्रिक्सचं नाव यादीत आलं. आणि मग सुरू झाली कुजबुज. एका नावाजलेल्या खेळाडूने तर तोडगा सुचवला की याला सामानवाला म्हणून न्या, म्हणजे बॅगा उचलेल आणि लागला तर बॉलिंगही टाकेल. हेंड्रिक्सने पेपरात पत्र लिहून सांगितलं की असल्या कामासाठी मी येणार नाही. शेवटी नाव कापलं. कुणी? केप क्रिकेटचा कर्ताधर्ता विल्यम मिल्टन, आणि त्याच्यामागे केपचा पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स. हा ऱ्होड्स म्हणजे तोच, ज्याच्या नावाची स्कॉलरशिप घेऊन आजही आपली पोरं ऑक्सफर्डला जातात. आपण हे नाव कापायला लावलं हे ऱ्होड्सने पुढे स्वतः त्या पेल्हम वॉर्नरला जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं.

बरं, मिल्टन साधा अधिकारी नव्हता. स्वतः साउथ आफ्रिकेकडून टेस्ट खेळलेला, कॅप्टनही झालेला. आणि पुढे ऱ्होडेशियाचा ॲडमिनिस्ट्रेटर. हे नाव लक्षात ठेवा.

हेंड्रिक्सची गोष्ट इंग्लंड दौऱ्यावर संपली नाही. पुढची काही वर्षं तो केप टाउनमध्येच बॉलिंग टाकत राहिला, पण गोऱ्यांच्या क्लबांच्या लीगमध्येही त्याला येऊ दिलं नाही. नेमकी हीच वर्षं तरुण बिसेटची वेस्टर्न प्रॉव्हिन्सकडून खेळून नाव कमावण्याची. एकच शहर, एकच डोंगर मागे, तोच खेळ.

आता मी इथे काळजीपूर्वक बोलतोय. हेंड्रिक्सला बाहेर ठेवण्यात बिसेटचा हात होता असं मी म्हणत नाहीये. १८९४ मध्ये तो अठरा वर्षांचा पोरगा. पण पाच वर्षांनी ज्या खुर्चीवर तो बसला ती कुणी आणि कशी तयार केली होती, हे न सांगता त्याची गोष्ट सांगणं मला जमत नाही. न्यूलँड्सवर पस्तीसमध्ये ऑलआउट होणाऱ्या टीमचा कॅप्टन, आणि त्याच शहरात एक फास्ट बॉलर ज्याला खेळायची परवानगी नाही.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्या नेहमीच्या श्रोत्यांना वाटणारच. पळवणकर बाळू. जवळजवळ बिसेटच्याच वयाचे. पुण्यात साहेबांच्या क्लबमध्ये महिना काही रुपयांवर पीच राखायचे आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास बॉलिंग टाकायचे. बॅटिंग? नाही, ती साहेबांनी करायची. हिंदूंच्या टीममध्ये घेतलं तेव्हा मैदानावर बॉल एकच, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये इंग्लंडला जाऊन शंभराहून जास्त विकेट काढल्या, तरी कॅप्टनपद नाहीच. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. फरक एवढाच की बाळूंना निदान बॉल तरी हातात मिळाला. हेंड्रिक्सला तोही नाही.

आणि १८९४ चं आणखी एक. त्याच वर्षी, तिकडे नाताळमध्ये, एक तरुण हिंदी बॅरिस्टर सुप्रीम कोर्टात सनद मागायला उभा होता. तिथल्या वकिलांच्या संघटनेने विरोध केला. कोर्टाने सनद दिली, पण फेटा उतरवायला लावला. गांधीजी. म्हणजे साउथ आफ्रिकेत क्रिकेटच्या मैदानाचं आणि कोर्टाचं, दोन्ही दारं कुणासाठी उघडायची याचा वाद एकाच वर्षी चालू होता. बिसेटसाठी दोन्ही उघडी होती. त्याने दोन्हीकडे उत्तम काम केलं हेही खरंच.

बरं, 'हौशी' खेळाडू म्हणजे काय तेही सांगून टाकतो, कारण आपल्याला आज हौशी म्हणजे रविवारी टर्फवर खेळणारा वाटतो. तेव्हा हौशी म्हणजे ज्याला खेळण्याचे पैसे लागत नाहीत असा माणूस. घरचं बरं आहे, शिक्षण आहे, वकिली आहे, म्हणून तो हौशी. इंग्लंडमध्ये हौशी आणि पगारी खेळाडूंचे ड्रेसिंग रूम वेगळे, मैदानात उतरायचे दरवाजेसुद्धा कित्येक ठिकाणी वेगळे. कॅप्टन हौशीच असायचा. आणि वसाहतींमध्ये हा हौशी माणूस बहुतेक वेळा सरकारी अधिकारी, लष्करी अधिकारी नाहीतर वकील. एकाच क्लबमध्ये दुपारी क्रिकेट, संध्याकाळी गप्पा, आणि त्या गप्पांत कुणाला कुठे नेमायचं ते ठरायचं. हे नेटवर्किंग लिंक्डइनच्या शंभर वर्षं आधीचं.

ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध सुरू झालं. बोअर युद्ध. क्रिकेट बंद. आणि युद्ध चालू असताना, १९०१ च्या उन्हाळ्यात, साउथ आफ्रिकेची टीम इंग्लंडला खेळायला गेली. कॅप्टन कोण? मरे बिसेट, वय २५.

हे जमलं कसं, तर एका माणसाच्या पैशावर. जेम्स लोगन. स्कॉटलंडहून आलेला, रेल्वेत हमालीपासून सुरुवात केलेला, आणि मग रेल्वे स्टेशनांवरच्या खाण्यापिण्याच्या ठेक्यांतून गब्बर झालेला माणूस. कारू नावाच्या ओसाड पठारावर मातजिसफोंटेन म्हणून स्टेशन आहे, तिथे याने आख्खं गावच उभारलं. १८९३ मध्ये त्याला टेंडर न काढता ठेका दिला म्हणून ऱ्होड्सचं मंत्रिमंडळ पडलं होतं! असो. हा लोगन क्रिकेटवेडा. त्याने इंग्लंडचा महान बॉलर जॉर्ज लोमनला क्षयरोगावर हवापालट म्हणून कारूत ठेवून घेतलं आणि १९०१ च्या दौऱ्याचा मॅनेजर केलं. दौरा संपल्यावर काही महिन्यांतच, डिसेंबर १९०१ मध्ये, लोमन तिथेच वारला. वय ३६. टेस्टमध्ये ११२ विकेट, ॲव्हरेज १०.७५. हा आकडा टायपो नाही.

इंग्लंडमध्ये या टीमचं स्वागत करायला कोण उभं होतं माहितीये? शेरलॉक होम्सचे जनक, आर्थर कॉनन डॉइल. स्वागत म्हणजे उलटं बरं का. त्यांनी पेपरात पत्र लिहून झोडपलं की इंग्लंडची पोरं साउथ आफ्रिकेत लढून मरतायत आणि तिथली धडधाकट पोरं इकडे क्रिकेट खेळायला येतायत. डॉइलना हे बोलायचा थोडा हक्कही होता. आदल्या वर्षी ते स्वतः ब्लूमफाँटेनला युद्धाच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून राबून आले होते. आणि क्रिकेटही त्यांना कळायचं. १९०० मध्ये त्यांनी फर्स्ट क्लास मॅचमध्ये चक्क डब्ल्यू. जी. ग्रेसची विकेट काढली होती, तीच त्यांची आयुष्यातली एकमेव फर्स्ट क्लास विकेट.

लोगन चिडला, त्याने उत्तर दिलं, आमच्यातल्या बऱ्याच जणांनी लष्करात सेवा केलीय म्हणून. टीम खेळत राहिली. टेस्ट एकही नव्हती, काउंट्यांविरुद्ध मॅचेस. वूस्टरशरबरोबर एक टाय झाली.

डॉइल काय किंवा लोगन काय, दोघांच्या भांडणात एक गोष्ट आली नाही. त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश सैन्याने बोअर बायकामुलांना छावण्यांत कोंडलं होतं, आणि काळ्या लोकांना वेगळ्या छावण्यांत. हजारोंनी माणसं मेली. एमिली हॉबहाउस नावाच्या बाईंनी परत येऊन त्यावर लिहिलं तेही त्याच १९०१ च्या जूनमध्ये. एकाच महिन्याच्या पेपरांत, एका पानावर छावण्यांची बातमी आणि दुसऱ्या पानावर बिसेटच्या टीमचा स्कोअर.

त्यानंतर बिसेट वकिलीत. मधली वर्षं मी भरभर ओलांडतो. पण १९१० मध्ये एक छान प्रकार घडला. इंग्लंडची टीम आलेली, मालिका साउथ आफ्रिकेने आधीच जिंकलेली, आणि न्यूलँड्सच्या शेवटच्या टेस्टला ३३ वर्षांच्या वकीलसाहेबांना पुन्हा बोलावलं. दोन टेस्टांच्या मध्ये ११ वर्षं. कॅप्टन आता दुसराच, टिप स्नूक. हे आपले विकेटकीपर. आणि स्टंपमागे उभं राहून बघितलं काय, तर जॅक हॉब्जचे १८७. साउथ आफ्रिका नऊ विकेटनी हरली. म्हणजे बिसेट तीन टेस्ट खेळला, तीनही हरला.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, ३१ मे १९१० ला, साउथ आफ्रिका नावाचा देश जन्माला आला. केपमध्ये काही अटींवर बिगरगोऱ्यांना मत होतं, पण नव्या देशाच्या संसदेत बसायला मात्र गोरंच असणं सक्तीचं केलं. बिसेट १९१४ मध्ये त्या संसदेत निवडून गेला आणि दहा वर्षं राहिला.

आणि मग १९२५ च्या सुमाराला सदर्न ऱ्होडेशिया, म्हणजे आजचं झिंबाब्वे. तिथला मुख्य जज म्हणून नेमणूक. आता तुम्ही म्हणाल, केपचा वकील तिकडे जज कसा? तर ऱ्होडेशियात कायदा चालायचा केपचाच. ऱ्होड्सच्या कंपनीने १८९० मध्ये तो मुलूख बळकावला आणि १८९१ च्या एका तारखेला केपमध्ये जो कायदा होता तोच तिथे लागू केला. म्हणून केपचा वकील तिथे आयता चालायचा. आणि १९२३ पर्यंत तिथे राज्य कुणाचं? त्या कंपनीचं. आपल्याला कंपनी सरकार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्या कंपनीचा बरीच वर्षं ॲडमिनिस्ट्रेटर कोण होता? लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना? विल्यम मिल्टन. हेंड्रिक्सचं नाव कापणारा.

आता बिसेट होता सर मरे बिसेट, सदर्न ऱ्होडेशियाचे सरन्यायाधीश. १९२८ मध्ये एक गव्हर्नर गेला आणि दुसरा यायचा होता, मधले काही महिने हेच हंगामी गव्हर्नर. तीन टेस्ट खेळलेला माणूस एका मुलखाचा कारभार बघतोय. १९३० मध्ये तिथे जमीनवाटपाचा कायदा झाला. देशातली जवळपास निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखीव, आणि सर्वांत जास्त लोकसंख्या असलेल्या आफ्रिकनांना उरलेल्यातली ठरवून दिलेली. कायदा विधानसभेने केला, सरन्यायाधीशांनी नाही. पण अशा मुलखातलं सर्वोच्च कोर्ट त्यांचं होतं. ऑक्टोबर १९३१ मध्ये, पदावर असतानाच, सॉल्सबरीला ते वारले. वय ५५.

या माणसाबद्दल माझं मत काय, असं एकाने आधीच विचारलंय. खरं सांगू, मला तो आवडायला लागला होता. जोहान्सबर्गची ती टेस्ट वाचताना मी मनातल्या मनात त्याच्या बाजूने होतो. १३२ हवेत, चला रे! आणि मग हेंड्रिक्स आठवायचा आणि अवघड व्हायचं. अजूनही होतं.

आता एक उधारी राहिली. बिसेटच्या आधी सर्वात तरुण कॅप्टनचा रेकॉर्ड कुणाचा? इंग्लंडच्या मॉन्टी बोडनचा. १८८९, न्यूलँड्स, २३ वर्षांचा. खरा कॅप्टन ऑब्रे स्मिथ आजारी पडला म्हणून याला मिळाली. हा स्मिथ पुढे हॉलिवूडचा नट झाला, ते वेगळंच. त्या टेस्टमध्ये समोरचा कॅप्टन होता, हो, मिल्टनच. बोडन मग इंग्लंडला परत गेलाच नाही. ऱ्होड्सच्या माणसांबरोबर ऱ्होडेशिया घ्यायला निघाला आणि १८९२ मध्ये उम्ताली इथे, वयाच्या २६व्या वर्षी वारला. व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्या जोडून त्याची शवपेटी केली होती असं सांगतात.

आणि पतौडीचा रेकॉर्ड मोडला कुणी? ६ मे २००४. सॉल्सबरीचं नाव तोवर हरारे झालं होतं. जिथे बिसेट सरन्यायाधीश होते तेच शहर. झिंबाब्वे विरुद्ध श्रीलंका. गोऱ्या खेळाडूंनी बोर्डाशी भांडून टीम सोडलेली, आणि कॅप्टन म्हणून टॉसला आला हायफील्ड वस्तीत वाढलेला तातेंदा तायबू. वय २० वर्षं ३५८ दिवस. तोही विकेटकीपर. मॅच एक डाव आणि २४० रन्सनी हरला, मुरलीने त्याच मॅचमध्ये कोर्टनी वॉल्शचा विकेटचा रेकॉर्ड मोडला. झिंबाब्वेचा तो पहिला काळा टेस्ट कॅप्टन. २०१९ मध्ये अफगाणिस्तानच्या रशीद खानने आठ दिवसांच्या फरकाने त्याचाही रेकॉर्ड मोडला.

क्विझमध्ये विचारलं तर उत्तर रशीद खान द्या. पुढचा भाग येत्या शनिवारी. काही चुकलं असेल तर कळवा, तोवर रामराम.